खिसेवाल्या बाईंचा वाचनाचा तास

ग्रंथ माणसाला जागं करतात. मानवजात आजवर जेव्हा जेव्हा झोपेतून उठली तेव्हा तिच्या उशाशी एखादं पुस्तक होतं, हे कुणालाही नाकारता येणार नाही. पुस्तकांनी राज्यं उलथवली, पुस्तकांनी अंधार हटवला, पुस्तकांनी माणसाला ताठ मानेनं बसायला शिकवलं.

हा मजकूर मोठ्या सरांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतला होता. त्या भिंतीच्या बरोब्बर मागे सातवीचा वर्ग होता. आणि त्या वर्गात, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, शाळेतल्या सर्वात मोठ्या वाचक समजल्या जाणाऱ्या बाई हातात पुस्तक धरून गाढ झोपलेल्या असत. मान ताठ नसे. घोरत मात्र नसत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

या बाईंना सगळे खिसेवाल्या बाई म्हणत. कारण उघड होतं. त्यांच्या प्रत्येक कपड्याला उजव्या बाजूला एक खिसा असे आणि त्या खिशात एक पुस्तक असे. बायकांच्या कपड्यांना खिसा शिवायचा म्हटलं की शिंप्यांना वाटतं, यात फार तर एक रुमाल आणि थोडी लाज ठेवायची असेल. बाईंच्या शिंप्याने हा विचार केव्हाच सोडून दिला होता, पण कुरकुर सोडली नव्हती.

"बाई, हा खिसा आहे की कपाट?"

"पुस्तक आडवं बसलं पाहिजे."

"आडवं बसेल, पण तुम्ही एका अंगाला झुकाल."

"झुकलेच आहे. या वेळी दुसऱ्या अंगाला लावा, म्हणजे सरळ होईन."

शिंपी हसला नाही. शिंपी लोक माप घेताना हसत नाहीत, आकडा विसरतो.

बाकी बाईंची राहणी म्हणाल तर ती सोयीतून आलेली होती आणि लोक तिला आवड समजत. कपडे खडूच्या रंगाचे, म्हणजे खडू लागलेला दिसू नये. केसांच्या अंबाड्यात लाल पेन्सिल खोचलेली, म्हणजे वह्या तपासताना शोधायला नको. ती तिथे आहे हे विसरून त्या रोज ती शोधत, हा भाग वेगळा. गळ्यात दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक बघायचा. दोन्हींच्या दोऱ्या एकमेकींत अडकत आणि बाई बरेचदा वाचायच्या चष्म्यातून वर्गाकडे बघत. त्यातून मुलं जराशी धूसर आणि बरीच सुस्वभावी दिसत, त्यामुळे चूक लक्षात आली तरी त्या घाईने चष्मा बदलत नसत.

रस्त्याने चालताना लोकांना आधी पुस्तक दिसे, मग बाई. "काय वाचन आहे हो त्यांचं!" असं लोक म्हणत. हे बोलणाऱ्यांनी बाईंना वाचताना पाहिलेलं नसे. पुस्तक घेऊन चालताना पाहिलेलं असे.

खरं काय होतं ते फक्त बाईंना ठाऊक होतं. शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांनी एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली होती. तिच्या सुरुवातीलाच एक माणूस बऱ्याच वर्षांनी कुठल्याशा गावी परततो, हातात बॅग घेऊन एका दारापाशी येतो आणि घंटी वाजवण्यासाठी हात उचलतो. तिथपर्यंत बाई आल्या होत्या. त्यानंतर हवा बदलली, चाचणी परीक्षा झाल्या, शाळेच्या छताची दुरुस्ती निघाली आणि संपली, तरी तो माणूस हात उचलून तिथेच उभा होता. रोज बाई पुस्तक उघडत, पानाच्या वरून सुरुवात करत आणि तो हात उचले तोवर त्यांच्या पापण्या खाली येत.

घरी वाचायचं म्हटलं तर घर होतं आणि घरात सासूबाई होत्या. सासूबाई स्वभावाने अबोल. दिवसभर खिडकीशी बसून खालच्या गल्लीतल्या गाड्या बघायच्या. पण पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज झाला की त्यांच्यात काहीतरी मोकळं होई.

"वाचतेयस होय? वाच, वाच. मी काही बोलत नाही."

"हं."

"मी तर म्हणते माणसाने वाचावं."

"हो ना."

"फक्त एवढंच सांगायचं होतं, तो खालचा नळवाला आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, परत येतो. तू वाच गं. मी कशाला मध्ये बोलू?" आणि थोड्या वेळाने, "तो मागच्या वेळेलाही परत येतो म्हणाला होता. त्याच्या बापाचीही तीच सवय."

मग नळवाल्याच्या बापाची सगळी हकीगत. बाई पुस्तक मिटत, आणि पुस्तक मिटलं की सासूबाई पुन्हा गाड्यांकडे बघू लागत.

बाईंचे यजमान शहर बस चालवत. पहिली पाळी असली की उजाडायच्या आधी घराबाहेर पडावं लागे, म्हणून बाई त्याच्याही आधी उठत. डबा, पाणी, सासूबाईंचं औषध, सासूबाईंनी ते औषध घेतलं आहे की उशीखाली ठेवलं आहे याची खातरजमा. मग शाळा. शाळेत पाच तास स्वतःचे, आणि जे शिक्षक आजारी पडले त्यांचे वेगळे. या शाळेतले शिक्षक आलटून पालटून आजारी पडत, जणू आधी ठरवून घेतलं असावं. फक्त बाईंचा नंबर कधी लागत नसे. वरून माहिती मागवणारी पत्रकं येत: मुलं किती, बाकं किती, मुलांच्या मानाने बाकं किती. ती भरायची. संध्याकाळी वह्या. वह्यांचा गठ्ठा पाठीवर टाकून बाई जिना चढत तेव्हा शेजारीण दार उघडून म्हणे, "आज पण पुस्तकं आणलीत का? धन्य आहे बाई तुमची!"

यजमानांना कादंबरीतल्या त्या माणसाबद्दल कळवळा होता. आठवड्यातून एकदा तरी ते चौकशी करत.

"तो अजून दारातच का?"

"हो."

"घंटी वाजवायला काय जातं त्याचं?"

"मी वाचल्याशिवाय तो कशी वाजवेल?"

"हातात बॅग आहे ना?"

"आहे."

"मग निदान ती तरी खाली ठेवू दे. खांदा भरून येईल बिचाऱ्याचा."

बाई हसत. मग हसता हसता त्यांना वाईट वाटे, कारण यजमानांनी जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं आणि त्यांना त्या माणसाचा खांदा दिसत होता. बाईंना हल्ली तो माणूसही नीट दिसत नव्हता.

आता वाचनाच्या तासाबद्दल. हा तास बाईंनी भांडून मिळवला होता. शिक्षकांच्या बैठकीत त्या वर्षानुवर्षं एकच मागणी करत: मुलांना रोज थोडा वेळ नुसतं वाचू द्या. यांच्या निम्म्या घरांत पुस्तक ठेवायला जागा नाही, आणि ज्यांच्या घरात जागा आहे तिथे टीव्ही ठेवलेला आहे. शेवटी मोठे सर दमले आणि हो म्हणाले. मोठे सर कुठल्याही गोष्टीला पटून हो म्हणत नसत. दमले की म्हणत.

तासाचे नियम बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते आणि ते कुणी पुसत नसे. ज्याला जे हवं ते वाचावं. वर्गात जो असेल त्याने वाचावं, शिक्षकानेसुद्धा. आणि वाचून झाल्यावर कुणीही कुणाला काहीही विचारू नये. पुस्तकांची एक लोखंडी पेटी वर्गातच होती. मुलं ओळीने येऊन पुस्तक उचलत, जागेवर बसत आणि शाळा सुटल्यासारखी खूश होत.

हा तिसरा नियम गणिताच्या सरांना फार लागला होता.

"प्रश्न विचारायचा नाही, तर मग मुलांना कळलंय की नाही हे कसं कळणार?" ते विचारत.

"त्यांना कळेल," बाई म्हणत.

"त्यांना कळून काय उपयोग? आपल्याला कळायला हवं."

गणिताचे सर माणूस वाईट नव्हते. त्यांच्या हाती सातवीतली अर्धी मुलं अपूर्णांकात अडकलेली होती आणि त्यांना आणखी एक तास हवा होता. दिवसाच्या मधोमध एक अख्खा तास, ज्यात कुणी काही विचारत नाही, असा पडून आहे हे बघून त्यांचा जीव खालीवर होई. रिकामा प्लॉट बघून बिल्डरचा होतो तसा.

पहिल्यांदा बाईंचा डोळा लागला तो पावसाळी हवेच्या एका दुपारी. टेबलावर कोपर, हातावर पुस्तक, पुस्तकामागे तोंड. वर्ग गप्प. घरी सासूबाई नाहीत, पत्रकं नाहीत, आणि कुणी काही विचारायचं नाही असा नियम. अशा वेळी जागं राहणं हेच आश्चर्य. इतक्या वर्षांच्या सवयीने बाईंचा हात मात्र मधून मधून आपोआप पान उलटत असे. झोपेत कूस बदलावी तसा. उलटलेलं पान जाग आल्यावर परत उलटावं लागे, कारण तो माणूस मागेच राहिलेला असे.

त्यानंतर हे रोजचंच झालं. बाईंना त्याची लाज वाटत होती. ज्या तासासाठी घसा कोरडा केला, त्या तासाला आपणच पुस्तकाआड झोपतो, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण त्याचबरोबर हेही खरं की दिवसाच्या सगळ्या कापडातला तेवढाच एक तुकडा त्यांचा स्वतःचा होता. तो गेला असता तर त्या उभ्याच्या उभ्या कोसळल्या असत्या, असं त्यांना वाटे. शाळेत नाही तर घरी, आणि घरी कोसळून भागलं नसतं, कारण संध्याकाळचा स्वयंपाक होता.

वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसे. तिला सगळे वकीलीण म्हणत, कारण कुणाचंही भांडण असलं तरी ती मध्ये पडे आणि दोन्ही बाजूंनी बोले. एके दिवशी तास संपता संपता ती टेबलाशी आली.

"बाई, तुम्ही डोळे मिटून वाचता?"

बाई नुकत्याच जाग्या झाल्या होत्या. अर्धवट झोपेत माणसाला जे सुचतं ते खरं नसतं, पण सुंदर असतं.

"वाचलेलं बघत होते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी वाचायचं. मग डोळे मिटायचे. मग ते दिसतं."

वकीलीण विचार करत जागेवर गेली. बाईंनी तोंडावरून हात फिरवला, पेन्सिल शोधली आणि पुढच्या वर्गावर निघून गेल्या. शिक्षकाने वर्गात सांगितलेली वाक्यं मुलं सहसा दुसऱ्या दिवशी विसरतात. यावर विसंबून शिक्षक मंडळी वाटेल ते बोलत असतात. हे वाक्य मात्र मुलांनी लक्षात ठेवलं, कारण ते परीक्षेत येणार नव्हतं.

हळूहळू वर्गात अशी शांतता पसरू लागली की जिची शाळेच्या इतिहासात नोंद नव्हती. शिपाई पहिल्यांदा मोठ्या सरांकडे गेला.

"सर, सातवीच्या वर्गाबाहेरून जाताना मी चपला हातात घेतो."

"का रे?"

"आपल्याच चपलांची लाज वाटते, सर. इतकं शांत."

मोठे सर स्वतः बघायला गेले. वर्गाच्या खिडक्या मुलांच्या पाठीमागे, व्हरांड्याच्या बाजूला होत्या. तिथून त्यांना ओळीने वाकलेली डोकी दिसली, मधून मधून उलटणारी पानं दिसली आणि समोर टेबलामागे बाईंच्या चेहऱ्याच्या जागी एक जाड पुस्तक दिसलं. मोठ्या सरांचा ऊर भरून आला. त्याच आठवड्यात त्यांनी दर्शनी भिंतीवर तो निळा मजकूर लिहून घेतला आणि वरच्या कार्यालयाला कळवलं की आमच्या शाळेत एकाग्रतेचा अभिनव प्रयोग सुरू आहे.

नेमकं त्याच वेळी गणिताच्या सरांनीही कळवलं होतं की आमच्या शाळेत एक तास फुकट चालला आहे.

वरच्या कार्यालयाने दोन्ही कागद एकत्र टाचले आणि उत्तर दिलं की तपासणीचे साहेब येतील, तास बघतील आणि ठरवतील.

"काय ठरवतील?" बाईंनी विचारलं.

"पटलं तर तास राहील," मोठे सर म्हणाले. "नाही पटलं तर पुढच्या सत्रापासून तिथे गणित. पण तुम्ही कशाला काळजी करता? तुम्ही फक्त रोज करता तेच करा."



तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बाई यजमानांना म्हणाल्या, "मला झोप न येण्याचा काही उपाय सांगा. तुम्ही दुपारी बस चालवता, तुम्हाला कशी नाही येत?"

यजमानांनी खरकटा हात तसाच धरून गंभीरपणे विचार केला. आपल्या धंद्यातलं ज्ञान बायकोने विचारायची ही पहिलीच वेळ होती. "एका पायातला बूट काढायचा," ते म्हणाले. "दोन्ही नाही. एकच. एक पाय गार आणि एक गरम असला की अंगाला कळत नाही झोपायचं की नाही."

"आणि?"

"आणि गाणं म्हणायचं."

"वाचनाच्या तासाला?"

"मनात म्हण. मी काय मोठ्याने म्हणतो? पॅसेंजर उतरून जातील."

खिडकीशी बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या, "मी काही बोलत नाही, पण बूट काढलास तर मोज्याला भोक आहे का ते बघून ठेव."

भोक होतं. बाईंनी ते शिवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई जेवल्या नाहीत. पोट भरलं की डोळे मिटतात. तोंडावर गार पाणी मारलं, चहा घेतला, परत पाणी मारलं. तास सुरू झाला, मुलांनी पेटीतून पुस्तकं उचलली, आणि बाईंनी टेबलाखाली उजव्या पायातला बूट काढला. फरशी गार होती. मनातल्या मनात एक गाणं सुरू करून त्यांनी खिशातून कादंबरी काढली आणि पान उघडलं.

तो माणूस दारापाशी आला. त्याने हात उचलला. बाईंनी पायाची बोटं फरशीवर दाबली. आणि त्याने घंटी वाजवली.

बाईंना इतका आनंद झाला की गाणं थांबलं. आतून पावलं वाजली, कडी निघाली, दार किलकिलं झालं. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की ते लोक इथे नाहीत, वरच्या मजल्यावर राहतात.

माणूस बॅग घेऊन जिना चढायला लागला आणि बाई त्याच्यामागे. जिना अंधारा होता, कठडा एका ठिकाणी सैल होता, कुणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज येत होता. किती महिन्यांनी असं होत होतं! पानं आपोआप उलटत होती, पण या वेळी हात झोपलेला नव्हता. बाई विसरल्या की साहेब येणार आहेत. विसरल्या की त्यांच्या एका पायात बूट नाही. त्यांना वाटलं, हे आपल्याला अजून येतं.

मग दार वाजलं. कादंबरीतलं नाही, वर्गाचं.

बाईंनी मान वर केली. दारात मोठे सर होते, त्यांच्या मागे गणिताचे सर आणि दोघांच्या मध्ये काखेत फायली धरलेले तपासणीचे साहेब. उंच, किंचित पोक आलेले, डोळ्यांखाली काळं. सकाळपासूनची ही त्यांची तिसरी शाळा होती आणि तीन शाळांमधले रस्ते त्यांच्या कपड्यांवर होते.

साहेब बाईंकडे बघत नव्हते. वर्गाकडे बघत होते. म्हणून बाईंनीही वर्गाकडे बघितलं, आणि त्यांनी तो या तासाला जागेपणी पहिल्यांदाच बघितला.

अख्खा वर्ग डोळे मिटून बसला होता. प्रत्येकाचं कोपर बाकावर, हातात पुस्तक, पुस्तकामागे तोंड. मान जराशी एका बाजूला. मधून मधून कुणाचा तरी हात सावकाश पान उलटत होता. बाईंनी स्वतःला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. पन्नासएक वेळा.

"झोपलेत!" गणिताचे सर म्हणाले. आनंद त्यांना लपवता आला नाही. "बघा साहेब. सगळे झोपलेत."

वकिलीणीने एक डोळा उघडला.

"झोपलो नाही," ती म्हणाली. "बघतोय."

"काय बघताय?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"आधी वाचलं. आता बघतोय."

मोठे सर भिंतीला टेकले. साहेबांनी फायली या काखेतून त्या काखेत घेतल्या आणि जवळच्या बाकावरच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांग. काय दिसलं तुला?"

"साहेब, या तासाला प्रश्न विचारत नाहीत," वकीलीण म्हणाली आणि फळ्याचा कोपरा दाखवला.

"मी विचारू शकतो. मी तपासायला आलोय."

"मग तुम्ही पण वाचायला हवं. वर्गात जो असेल त्याने. ते पण लिहिलंय."

बाकावरच्या मुलाला मात्र सांगायचंच होतं. त्याने डोळे उघडले आणि भराभर बोलायला लागला. पुस्तकात एक होडी होती. ती बुडाली. पण बुडायच्या आधी नावाड्याच्या बायकोने त्याला सांगितलं होतं की आज जाऊ नकोस, आणि तो रागावून गेला होता. तिने दाराशी त्याचे बूट वाळत ठेवले होते, ते तसेच राहिले.

गणिताच्या सरांनी पुस्तक हिसकावून घेतलं. बारीक होतं, लगेच चाळून झालं. "साहेब, यात बायको नाही. बूट नाहीत. फक्त होडी आहे. आणि ती बुडतसुद्धा नाही."

"नाहीच ते पुस्तकात," मुलगा म्हणाला. "असतं तर डोळे कशाला मिटले असते?"

साहेब हसतील असं मोठ्या सरांना वाटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी तोंडावर मूठ धरून काहीतरी गिळलं.

आता खरं तर बाईंनी गप्प बसायचं होतं. प्रकरण नीट मार्गाला लागत होतं. अशा वेळी थोडंसं गोड हसून 'आमची पद्धत आहे' एवढं म्हटलं असतं तर उद्या त्या पद्धतीवर शिबिर भरलं असतं. पण बाईंना तो मुलगा दिसत होता. त्याने खरोखर वाचलं होतं, खरोखर बघितलं होतं, आणि ते तो शिकला होता कुणाकडून, तर झोपलेल्या माणसाकडून. हे त्यांना सहन होईना.

त्या उभ्या राहिल्या. एका पायात नुसता मोजा.

"साहेब, यात मुलांची काही चूक नाही. मी झोपते."

"म्हणजे?"

"या तासाला. पुस्तक धरून. बरेच महिने. एका मुलीने विचारलं तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मुलांना ते खरं वाटलं. ही पद्धत बिद्धत काही नाही. मी दमते, साहेब."

वर्गात आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. मोठ्या सरांनी आपले मिटून घेतले. गणिताच्या सरांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते बाईंच्या शिवलेल्या मोज्याकडे बघत राहिले.

"खोटं आहे," वकीलीण म्हणाली. "बाई बघत होत्या. पान उलटत होत्या."

"सवय असते गं हाताला," बाई म्हणाल्या. "आणि माझं शेवटचं सांगते साहेब, मग तुम्ही ठरवा. मी झोपले तरी तास मुलांचा आहे. दुसऱ्या कुणाला इथे बसवा. पण तास काढू नका. तो काढला तर या नावाड्याच्या बायकोला बूट वाळत घालायला जागा राहणार नाही."

साहेबांनी घसा खाकरला. फायली टेबलावर ठेवल्या. ते ताठ झाले आणि त्यांचा आवाज एकदम सरकारी झाला.

"वाचन," ते म्हणाले, "ही राष्ट्राच्या जडणघडणीतली मूलभूत बाब आहे. शिक्षकाने वर्गात झोपणं ही गंभीर बाब आहे. ती शिक्षकाने स्वतः होऊन सांगणं ही अभूतपूर्व बाब आहे. या तिन्ही बाबी एकत्र विचारात घेता घाईने शेरा मारणं योग्य होणार नाही. तास तूर्त चालू राहील. गणिताला सकाळची प्रार्थना आटोपती घेऊन वेळ काढा."

"पण साहेब," गणिताचे सर म्हणाले.

"आटोपती घ्या. लांबते ती. मी ऐकलीय." साहेब मोठ्या सरांकडे वळले. "उरलेला तास मला सविस्तर बघावा लागेल. एकट्याने. बाहेर कुणी चपला वाजवू नका."

मोठे सर आणि गणिताचे सर गेले. दार लागलं. मुलांनी पुस्तकं पुन्हा वर धरली. बाई खुर्चीत बसल्या आणि टेबलाखाली बूट शोधू लागल्या, आपण वाचलो की बुडालो हे त्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं.

साहेबांनी फळ्याच्या कोपऱ्यातले नियम शांतपणे वाचले. पेटीशी जाऊन वरचं पहिलं जे हाताला आलं ते पुस्तक उचललं. मग शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत घेत, ते बसले. कोपर टेकलं. पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. जरा वर केलं, जरा खाली केलं. आडवं करून बघितलं.

मग मुलं करतात तसं त्यांनी एक बोट वर केलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "यापेक्षा जरा मोठं पुस्तक आहे का हो? यात तोंड मावत नाही."